माझी पहाट रेखाच्या हाती

आजारपणात माणूस देवाच्या जवळ जातो, असं मी ऐकून होते. मी काही गेले नाही. मी पाच महिने खाटेवर पडून लोकांवर जळत होते. जो वाकेल त्याच्यावर, जो उकिडवा बसेल त्याच्यावर, जो मस्त आळस देऊन उठेल त्याच्यावर. मला मणक्याचा टीबी झाला होता आणि त्या दिवसांत साधी शिंक आली तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची.

हे लिहायला मला गावच्या आशाताईंनी सांगितलं. म्हणाल्या, "वहिनी, तुमी लिवा. आपल्या बाया टीबीचं नाव आयकलं का गोळ्या लपवून ठेवतात." लिहिते. पण धीर कसा धरावा वगैरे माझ्याकडून होणार नाही, कारण तो मी धरला नव्हता. जे झालं तेच लिहिते. अजून पाच महिन्यांच्या गोळ्या बाकी आहेत.

माझा अर्धा तास

आम्ही किन्हीराजाचे. घरात आम्ही दोघं नवराबायको, माझे धाकटे दीर आणि त्यांची बायको रेखा. दीर शेलूबाजारच्या रस्त्यावर जीप चालवतात, हे शेती पाहतात. माझी दोन्ही लेकरं शिकायला बाहेर आहेत. आणि कोठ्यात सगुणी, आमची म्हैस.

आजाराआधी मी रोज पाचला उठायची. कोणी उठवत नव्हतं, घड्याळही नाही. चुलीवर कोरा चहा टाकायचा, पेला घेऊन कोठ्याच्या दाराशी एक दगड आहे त्यावर बसायचं. सगुणी माझ्याकडं पाहून एकदा फुरफुरायची. मग शेण काढायचं, घमेल्यात भिजवलेली सरकीची ढेप तिच्यापुढं ठेवायची, कास कोमट पाण्यानं धुवायची आणि धारेला बसायचं. आधी रिकाम्या बकेटीत खणखण आवाज येतो, दूध चढलं की तोच आवाज जाड होतो. तो बदलला की माझं मन भरायचं. त्यानंतर सगळं घर उठायचं आणि कोणाला डबा, कोणाला मोजा, कोणाला पाणी सुरू व्हायचं.

तिचं वगारू, म्हणजे रेडकू, दिवाळीच्या आधीच मेलं. तेव्हापासून ती फक्त माझ्या हाताला पान्हा सोडायची. यांनी एकदा प्रयत्न केला तर बकेट उडवली. मला त्याचा केवढा तोरा होता! मी पाहुण्यांना मुद्दाम सांगायची, "आमची सगुणी दुसऱ्याले हातबी लावू देत नाई." माहेरी गेले तरी दुसऱ्या पहाटेच्या आत परत. लोकांना वाटायचं, बाई कामाची किती. खरं म्हणजे तो अर्धा तास मला कोणी दिलेला नव्हता आणि कोणी मागतही नव्हतं. दिवसातला तेवढाच माझा होता.

रेखा वाशीम शहरातली, बारावी झालेली, नखाला रंग लावणारी. म्हशीला घाबरायची. सातशिवाय उठायची नाही. मी तिला चिडवायची, "तुयासाठी सूर्यबी थांबवून ठेवू का वं?" ती हसायची.

पायाळू

सोयाबीन सोंगायच्या, कापणीच्या दिवसांत कंबर दुखायला लागली. त्या दिवसांत गावात कोणाची दुखत नाही? बाम लावला. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ते उन्हाचं समजले. पोलकी ढिली झाली तर बायका म्हणाल्या, बरं झालं, बारीक झाली. दिवाळी गेली तरी दुखणं जाईना. मग सगळ्यांचं ठरलं की उसण भरली.

आमच्याकडं उसण भरली की पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेतात. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. तीन सकाळी, उपाशी पोटी. आणि घरातच पायाळू होती, रेखा.

ती तयार नव्हती. "बाई, मोठ्या जावेले पाय लावू का मी? पाप लागन मले."

"लाव वं माय," मी म्हटलं, "पाप मी घेतो माह्या डोक्यावर."

उंबऱ्यावर पालथी पडले. तिनं आधी माझ्या पायाला हात लावून नमस्कार केला, मग कमरेवर पाय ठेवला. जोरात नाही, घाबरत घाबरत. तिसऱ्या सकाळी मी उठायला गेले तर पाय जड झालेले. दोन दिवसांत कोणाला धरल्याशिवाय चालता येईना.

अकोल्याच्या दवाखान्यात मशीनमध्ये घालून फोटो काढला. डॉक्टर तरणा होता. फोटो खिडकीकडं धरून बराच वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, "मणक्याचा टीबी आहे. बरा होतो. पण गोळ्या वर्षभर, आणि आता काही महिने उठायचं नाही."

मी पहिला प्रश्न विचारला तो आज आठवला की माझं मलाच हसू येतं. मी विचारलं, "मंग धार कोन काढन?"

हे फायलीसाठी बाहेर रांगेत होते. मी डॉक्टरला पायाळूचं सांगितलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "पायानं टीबी होत नसतो, ताई. तो आधीपासून होता. पण पुन्हा मणक्यावर कोणाला पाय ठेवू देऊ नका." हे वाक्य मी एकटीनं ऐकलं. पुढं त्यावरूनच माझ्या हातून एक वाईट गोष्ट झाली.

वॉर्ड

अकरा दिवस पाठीवर. छतावर पंख्याभोवती ओलीचे डाग होते, ते पाठ झाले. पहिल्या गोळ्यांनंतर लघवी केशरी झाली. मी रक्त समजून ओरडले, तर नर्स हसली. म्हणाली, गोळीचा रंग आहे, सगळ्यांनाच होते. कोणाला होत असेल तर घाबरू नका, एवढ्यासाठी लिहिलं. भांडं यांनी द्यायचं, यांनीच न्यायचं. सव्वीस वर्षांच्या संसारात आम्हाला एकमेकांची एवढी लाज कधी वाटली नव्हती. ते दाराकडं पाहायचे, मी भिंतीकडं.

पाचला डोळा उघडायचाच. हात पांघरुणाखाली धार काढल्यासारखे मुठी वळायचे. सहाला झाडूवाली यायची. ती वाकून खाटेखालून फडा फिरवायची आणि मी तिच्या कमरेकडं पाहत राहायची. कशी वाकते! किती सहज! वरून ती कुरकुरायची, "कंबर मोडते बाई या कामानं." मला वाटायचं, दे तुझी मोडकी मला.

शेजारच्या खाटेवर पातूरकडच्या कांताबाई होत्या, पाय मोडलेला. त्या रोज सकाळी उशाखालचा छोटा आरसा काढायच्या, तेल लावायच्या, केस विंचरून घट्ट वेणी घालायच्या. अर्धा तास. मी एकदा कुचकटपणे विचारलं, "कोन पाहून राह्यलं इथं, एवढं कायले नटता?"

"मीच पाहून राह्यली न," त्या म्हणाल्या. "माहा दिवस वेणीपासून सुरू होते. नर्सपासून कायले सुरू करू?"

दवाखान्यात वेळ भरपूर असतो, पण तो आपला नसतो. गोळीची वेळ, सुईची वेळ, राउंडची वेळ. त्यातला अर्धा तास त्या बाईनं हिसकावून घेतला होता. मला तिचा राग आला, इतका हेवा वाटला. दुसऱ्या दिवशी ती वॉकर धरून माझ्या उशाशी येऊन बसली आणि न विचारता माझ्या केसांतली जट सोडवायला लागली. मी तिला थांबवलं नाही. अकरा दिवसांत माझ्या अंगाला कोणी इलाजाशिवाय हात लावला तो तेवढाच.

खिडकी

घरी आल्यावर यांनी माझी खाट मुद्दाम मधल्या खोलीत, खिडकीशी लावली. "तुले सगुणी दिसन," म्हणाले. यांना वाटलं, आपण किती मायेनं केलं. मला सगुणी दिसायची आणि तिच्यापुढं रेखा दिसायची.

म्हणजे माझ्या जागी रेखा. पाचला उठून कोरा चहा टाकायला लागली. सांगितलं कोणी? कोणी नाही. माझ्या दगडावर बसायची. पहिल्या आठवड्यात बकेट उडाल्याचा आवाज यायचा, सगुणी लाता झाडायची, घरात दूध विकत आणलं जायचं. मी वरून "अरे अरे" म्हणायची आणि मनात गुळाचा खडा फुटायचा. सगुणीनं माझी बाजू घेतली होती.

मग एका सकाळी खणखण ऐकू आली. थोड्या वेळानं आवाज जाड झाला. मी तोंडावर पांघरूण ओढून रडले. दुखतंय म्हणून रडते समजून यांनी गोळी आणून दिली.

रेखाची आणखी एक गोष्ट माझ्या मनात सलत होती. ती माझ्या खोलीत चप्पल घालून यायची. आमच्याकडं घरात चप्पल नाही. पण ही गोळ्या द्यायला आली, ताट घेऊन आली, पाठ पुसायला आली, तरी पायात चप्पल. आधीच पाहायला येणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून दारातच बसायच्या, चहाला नको म्हणायच्या. हा टीबी असा पसरत नाही हे डॉक्टरनं सांगूनही. मला वाटलं, हिलाही माझी किळस येते, शहरातली ती शहरातलीच.

आल्या दिवशीच तिनं मला हळूच विचारलं होतं, "बाई, माह्या पायानं तर नाई झालं न हे?"

मी छताकडं पाहिलं. तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं. "माईत नाई वं," म्हटलं.

मला माहीत होतं. तरी नाही सांगितलं. ती माझी पहाट घेत होती, मी तिला झोप कशाला देऊ, असा तो हिशेब होता. लिहिताना हात अडतो, पण खरं आहे.

लुगडं

दोन महिन्यांनी पट्टा बांधून उशीला टेकून दहा मिनिटं बसायची परवानगी मिळाली. पहिल्याच सकाळी मी खिडकीतून नीट पाहिलं. थंडीभर रेखा शाल गुंडाळून बसायची, ती आता अंगावर नव्हती. तिच्याखाली माझी जुनी चॉकलेटी साडी होती. धारेच्या वेळी मी कपड्यांवरून गुंडाळायची, कोठ्यातल्या खुंटीला टांगलेली असायची, ती. पाठमोरी, तोच बांधा, तशीच बसलेली.

तेवढ्यात हे दात घासत अंगणात आले आणि जागीच थांबले.

"नंदे!" एवढ्या आनंदानं यांनी मला लग्नानंतर हाक मारल्याचं आठवत नाही. "उठली तू? आवं, कोन उठू देलं तुले?"

रेखा वळली. यांचा चेहरा उतरला. मोठ्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरून बोलायचीही आमच्याकडं पंचाईत, आणि हे बायकोच्या नावानं हाक मारून बसले. रेखानं पदर ओढला आणि बकेट तिथंच सोडून घरात पळाली. हे तोंडात ब्रश धरून तसेच उभे राहिले.

तो आनंद माझ्यासाठी होता, मी उठले म्हणून होता, हे मला दुपारपर्यंत सुचलं नाही. मी रेखाला हाक मारली.

"काहून घातलं माहं लुगडं?"

"बाई, थे..."

"म्हैस घेतली, दगड घेतला. आता नवराबी घेऊन टाक."

"बाई!"

"तुया पायानंच आडवी पडली मी. अन् आता जागाबी तुलेच पायजे."

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती बाहेर गेली, साडीची घडी करून आणली, माझ्या पायथ्याशी ठेवली आणि निघून गेली.

दुसऱ्या सकाळी ती स्वतःच्या साडीवर धारेला बसली. मी ऐकत होते. खणखण नाही. मग एकदम बकेट घरंगळली आणि काहीतरी धपकन पडलं. हे धावले. थोड्या वेळानं रेखा लंगडत माझ्या खोलीत आली, साडीला शेण, नडगी काळीनिळी झालेली.

"तुमच्या वासाशिवाय थे मले जवळ येऊ देत नाई, बाई," ती म्हणाली. "माह्या मायनं फोनवर सांगतलं होतं, बाईचं लुगडं घालून बस म्हणून. दोन महिने झाले, म्या थे धुतलंबी नाई. तुमचा वास जाईन म्हणून."

खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंद झाला. नडगी नंतर दिसली. सगुणी दोन महिने मला समजूनच पान्हा सोडत होती! माझी म्हैस माझीच होती, आणि ही पोरगी माझ्या घामाच्या वासाला जपत बसली होती.

मग माझं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. पायात चप्पल. "मले एक सांग," मी म्हटलं, "माह्या खोलीत चप्पल कायले घालतं तू? किळस येते का माही?"

ती बावरली. "किळस कायची बाई? माहा पाय वाईट लागला न तुमाले. म्हनून उघडा पाय या खोलीत ठेवतच नाई मी."

त्यानंतर मला गप्प राहता येईना. मी तिला डॉक्टरचं वाक्य सांगितलं. जसं होतं तसं, पायानं टीबी होत नसतो, आधीपासून होता.

"कवा सांगतलं त्यानं?"

"अकोल्यातच. पयल्या दिवशी."

ती खाली फरशीवर बसली. चप्पल काढून बाजूला ठेवली. उघडे पाय फरशीला टेकवले. "मी रोज रात्री देवाले माफी मांगून राह्यली बाई," एवढंच म्हणाली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. गोळ्या मात्र वेळेवर आल्या, आणि अनवाणी पायांनी आल्या. पायथ्याची साडी मी यांच्या हाती कोठ्यात परत पाठवली.

परत

चैत्रात डॉक्टरनं सांगितलं, पट्टा बांधून, उकिडवं न बसता, स्टुलावर बसून हलकं काम करा. मी विचारलं, धार हलकं काम आहे का? तो म्हणाला, तुम्ही पहिल्या दिवसापासून तेच विचारताय, काढा.

पहिल्या पहाटे मी स्टूल घेऊन बसले. सगुणीनं मान वळवून मला हुंगलं आणि तोंड फिरवलं. पाच महिने गोळ्या खाल्लेलं अंग, घामालाही औषधाचा वास. कास धुतली, हाक मारली, ढेप वाढवली. एक थेंब नाही. रेखा दारात उभी होती. मला तिला विचारायचं नव्हतं.

"लुगडं घाला," तीच म्हणाली.

खुंटीवरची चॉकलेटी साडी मी गुंडाळली. तिला आता रेखाच्या खोबरेल तेलाचा वास होता. थोड्या वेळानं सगुणीनं पान्हा सोडला. माझ्यासाठी की तिच्यासाठी, हे मी ठरवत बसले नाही. बकेट माझ्या गुडघ्यांत होती.

"बरं झालं बाई," रेखा म्हणाली, "आता मी सातलोक झोपतो."

दुसऱ्या दिवशी पाचला ती दारात. तिसऱ्या दिवशीही. हातात काही काम नाही, केस विंचरलेले, माझ्याकडं नाही तर बकेटीकडं पाहत. मी विचारलं, "झोपत नाईस?"

"डोळा उघडते," म्हणाली.

तिच्या तोंडावर काय होतं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. तेच तोंड घेऊन मी पाच महिने खिडकीशी पडले होते. म्हशीला घाबरणारी मुलगी, नडगीवर लात खाल्लेली, आता तिचा अर्धा तास मी काढून घेतला होता. आणि तरी, लपवत कशाला, मी आठ दिवस दोन्ही वेळची धार माझ्याकडंच ठेवली. आठ दिवस मी दगडावर बसून चहा प्यायले आणि ती उभी राहिली. मला ते आवडत होतं.

नवव्या दिवशी मी म्हटलं, "संध्याकायची धार तू काढत जा."

"अन् तुमाले?"

"मले सकाळ पुरे. तशीबी कंबर दोनदा वाकाची नाई." ती दुसरी गोष्ट मी उगाच जोडली. कंबर तशी ठीक होती.

ज्यांना हा आजार झालाय त्यांना एवढंच सांगते. गोळ्या एक दिवसही सोडू नका, बरं वाटलं तरी. आणि घरातल्यांना आपल्या दिवसातली ती एक गोष्ट सांगून ठेवा, जिच्यासाठी तुम्हाला उठायचं आहे. चहा असेल, वेणी असेल, अंगण झाडणं असेल. जीव कशासाठी वाचवायचा हे एरवी फार मोठं वाटतं. मला तो पाच वाजताच्या चहासाठी वाचवायचा होता.

सुधारले का मी? तेवढी नाही. संध्याकाळी रेखा धारेला बसली की मी आत भाकरी थापत असते आणि कान कोठ्याकडं असतो. सकाळपेक्षा संध्याकाळचं दूध जास्त निघालं की अजून पोटात दुखतं. ती बकेट घेऊन आत आली की मी तव्याकडं पाहत विचारते, "किती निघालं वं?"

ती रोज अर्धा लिटर कमी सांगते. दूध तापवायला मीच घेते, हे तिलाही माहीत आहे.